मांडव, साऊंड, लाईट, जनरेटर सगळं एकाच ठेकेदाराकडून : सांगलीतल्या मे महिन्याच्या कला महोत्सवाचा अनुभव

आधी सरळ सांगून टाकते, मांडव आणि साऊंड याच माणसाकडून परत घेऊ, लाईट आणि जनरेटर नाही घेणार. घाईत असाल तर एवढं पुरे, पण उघड्या मैदानावर उन्हाळ्यात तुम्हाला काही कार्यक्रम करायचा असेल तर पुढचं वाचा कारण आम्हाला हे सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं. ठेकेदाराचं नाव मुद्दाम देत नाहीये, तक्रारीपण लिहायच्या आहेत आणि त्याच्या पोटावर पाय द्यायचा माझा अजिबात विचार नाही. शिवाय नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलं तर ते तुमच्या गावातपण उपयोगी पडेल.

तर आमचा महोत्सव म्हणजे शुक्रवारी बालनाट्य आणि शाहिरी, शनिवारी कथक आणि मग शास्त्रीय गायन, रविवारी सकाळी मुलांची चित्रांची कार्यशाळा आणि संध्याकाळी लोककला. समितीत माझ्याकडे सगळी जुळवाजुळव म्हणजे मांडववाल्यापासून पाण्याच्या जारपर्यंत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच मराठी नाटकाची सुरुवात केली, शेजारी मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे आणि तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर तर हाकेच्या अंतरावर. एवढं सगळं असताना पोरांच्या सुट्टीत मे महिन्यात त्यांना बघायला काहीतरी चांगलं असावं एवढीच आमची इच्छा. नाट्यगृह घेता येतं, पण मैदानावर सतरंजीवर बसायचं म्हटलं की आजी-आजोबा, भाजीवाल्या मावशी, क्रिकेट खेळून आलेली पोरं, सगळेच येतात, तिकीट काढून आत येताना जो संकोच असतो तो नसतो. म्हणून आम्ही शाळेचं मैदानच धरून ठेवलं.

पण मे २०२५ आठवतोय ना सगळ्यांना? वळीव तर नेहमीचाच, पण त्या वर्षी अरबी समुद्रात कोकणापाशी कमी दाबाचं क्षेत्र झालं, मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि मुंबईत २६ तारखेला, जिथे एरवी ११ जूनची वाट बघतात. आमचा महोत्सव नेमका त्याच शुक्रवार-शनिवार-रविवारी. तारखा डिसेंबरमध्ये ठरलेल्या, तेव्हा मेच्या चौथ्या आठवड्यात असा धो धो पाऊस लागेल असं कुणाच्या स्वप्नातपण नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. ठेकेदार जागा बघायला स्वतः आला, हा पहिला चांगला भाग. आधी दुसऱ्या दोन ठेकेदारांनी फोनवर 'लांबी-रुंदी सांगा, रेट सांगतो' म्हणून विषय संपवला होता. हे मामा (वयाने मोठे, सगळे त्यांना मामाच म्हणतात) संध्याकाळी साडेपाचला या म्हणाले, मला वाटलं त्यांना तीच वेळ सोयीची असेल, तर नाही, त्यांना ऊन कुठून येतं ते बघायचं होतं. मेमध्ये आपल्याकडे सातपर्यंत उजेड असतो आणि आमचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होणार, म्हणजे स्टेजचं तोंड पश्चिमेला केलं की नाचणाऱ्या पोरांच्या डोळ्यात ऊन आणि पूर्वेला केलं की प्रेक्षकांच्या डोळ्यात. समितीतल्या सगळ्यांना स्टेज गेटसमोर हवं होतं कारण ते दिसायला भारी दिसतं. मामांनी ते दक्षिणेच्या भिंतीला लावून उत्तरेकडे तोंड केलं आणि थोडी वादावादी झाली पण तेच ऐकलं, आणि पहिल्या दिवशी बालनाट्य सुरू झाल्यावर एकही पोरगं डोळ्यावर हात धरून उभं नव्हतं. शिवाय तिथून शाळेच्या हॉलचं दार जवळ, ते पुढे किती कामाला आलं ते सांगतेच.

मांडवाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक इथेच पैसे वाचवायला बघतात. मांडव दोन प्रकारे उभा करता येतो, एक सपाट छत, वर कापड आणि खाली झालर, फोटोत झकास. दुसरा मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतार, वर ताडपत्री. सपाट छतावर पाणी साचतं, कापडाला पोटं येतात, मग पोरं बांबूने खालून ढोसत बसतात आणि एखादं पोट फुटलं की पाच-दहा घागरी पाणी एकदम माणसांच्या डोक्यावर. मामांनी सपाट छत करायला सरळ नकार दिला, म्हणाले मेमध्ये मी सपाट बांधत नाही, दुसऱ्याकडून घ्या. गिऱ्हाईकाला असं तोंडावर नाही म्हणणारा माणूस मला आवडतो, त्यात त्याचं नुकसान असतं तरीपण तो म्हणतो म्हणून. बाजूच्या कनाती त्यांनी वरून बांधल्या होत्या पण खाली नुसत्या सुरगाठी, ओढली की सुटणाऱ्या. कारण वारं सुटलं की कनात शिडासारखी फुगते आणि तिच्यामुळे अख्खा सांगाडा हलतो. प्रत्येक कोपऱ्यात एक बिगारी फक्त त्या गाठींसाठी ठेवलेला, जेवायला गेला तर दुसरा उभा करून जायचा.

शनिवारी कथक संपायला आलं तेव्हा वारं सुटलं. आमच्यातल्या एकाच्या मोबाईलवर दामिनी ॲप होतं (पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं, आजूबाजूला वीज कुठे पडतेय ते दाखवतं, मैदानावर कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाकडे पाहिजेच) आणि त्यात ठिपके जवळ जवळ येत होते. आम्ही समितीवाले एकमेकांकडे बघतोय, अजून गायन बाकी आहे, गाणारे लांबून आलेत, पाहुणे पुढच्या रांगेत बसलेत, कोण थांबवा म्हणणार? मामा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, कापड गेलं तर जाऊ दे माझं, पण वासा सुटला तर माणूस जाईल. आता उठवा सगळ्यांना." आवाज चढवला नाही, आरडाओरड नाही. मी निवेदिकेला खूण केली, तिने माईकवरून शांतपणे सगळ्यांना हॉलमध्ये जायला सांगितलं, लहान मुलं आणि वयस्कर आधी. तोवर बिगाऱ्यांनी चारी बाजूंच्या कनाती सोडून वर गुंडाळल्यापण होत्या. लोक आत गेले आणि पाच मिनिटांत असा पाऊस कोसळला की समोरची भिंत दिसेना. मांडवाची एक ताडपत्री फाटली, बाकी एक खांब हलला नाही. रात्री त्यांनी फाटलेल्या ताडपत्रीचा विषयपण काढला नाही, बिलातपण लावली नाही.

मला या एका गोष्टीसाठी त्या माणसाला पूर्ण मार्क द्यावेसे वाटतात. सगळे विचारतात कलाकार कोण आणले, किती खर्च आला. मैदानावर शेकडो माणसं बसलेली असताना थांबा म्हणायची धमक ज्याच्यात आहे असा मांडववाला आधी शोधा, कलाकार त्याच्यानंतर ठरवा.

आता साऊंड. साऊंडचा मुलगा तिशीतला असेल, सगळे त्याला दादा म्हणत होते, मामांचाच पुतण्या. याने काय केलं तर आठवडाभर आधी मला फोन करून प्रत्येक कार्यक्रमात कोण काय वाजवणार, किती जण, उभे की बसून, ते सगळं लिहून घेतलं. बहुतेक ठिकाणी साऊंडवाला येतो, चार माईक उभे करतो, हॅलो चेक वन टू थ्री करतो आणि मग मोबाईल बघत बसतो. इथे शाहिरांसाठी डफ आणि तुणतुण्याला वेगवेगळे माईक, ढोलकीला दोन्ही तोंडांना, बालनाट्याला पुढे जमिनीवर ठेवायचे चपटे माईक आणि ज्या चार-पाच पोरांचे संवाद जास्त त्यांनाच लेपल, म्हणजे कपड्याला लावायचे छोटे माईक. आम्हाला वाटत होतं सगळ्या पोरांना लेपल लावावेत. त्याने समजावलं की घामाने लेपल बंद पडतात, पोरं एकमेकांना मिठ्या मारतात तेव्हा खरखर होते आणि पंधरा लेपल एकाच वेळी चालू ठेवले तर पंधरा पोरांचे श्वासपण ऐकू येतील. त्याचे ट्रान्समीटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग कंबरेला बांधले होते, प्रत्येक नाटकाआधी नवीन सेल. एकदाही माईक गेला नाही, उकाडा असा होता की पोरांचे मेकअप वितळत होते तरीपण.

कथकच्या वेळी तर मला त्याचं फार कौतुक वाटलं. लोखंडी सांगाड्यावर तक्ते टाकलेलं स्टेज म्हणजे आतून पोकळ, त्यावर नाचलं की पायाचा नुसता धबधब असा आवाज येतो आणि घुंगरू मागे पडतात. वर कारपेट टाकलं तर घुंगरू आणि तळपाय दोन्ही मेले. त्याने आणि मामांनी मिळून नाचायच्या जागेपुरतं कारपेट काढून जाड प्लाय टाकला, स्क्रू आत दाबून घेतले, सांध्यांवर टेप मारला, मग स्वतः अनवाणी त्यावर चालून बघितलं काही टोचतंय का. माईक स्टेजच्या कडेला खाली आणि खालचा धबधब आवाज मिक्सरवर कापला. तिहाईच्या (तोच बोल तीनदा) शेवटी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली तेव्हा मागच्या रांगेतल्या आजोबांनीसुद्धा मान हलवली, म्हणजे तिथपर्यंत पाऊल न् पाऊल पोचत होतं.

गायन शनिवारी शेवटी शाळेच्या हॉलमध्येच करायला लागलं. इथे त्याची खरी परीक्षा होती. हॉलला पत्र्याचं छत, वर पाऊस धो धो, आत सगळे ओले झालेले लोक जमिनीवर दाटीवाटीने बसलेले. दुसरा कुणी असता तर पावसावर मात करायला आवाज वाढवला असता आणि त्या मोकळ्या भिंतींमध्ये नुसता कल्ला झाला असता. याने मोठे बॉक्स बाहेरच ठेवले, छोटे चार बॉक्स आणले आणि दोन पुढे, दोन मधल्या खांबांना लावून आवाज कमीच ठेवला म्हणजे प्रत्येकाला जवळून ऐकू येईल. तानपुरे मिरजेचे, खरे, दोन. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि अशा महोत्सवात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावायचा नाही हा आमचा हट्ट होता. पण भोपळा पोकळ, तो मॉनिटरमधला (कलाकारांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधला) आवाज पकडतो आणि घुमायला लागतो, मग साऊंडवाले कंटाळून तानपुऱ्याचा माईकच बंद करतात. दादाने मॉनिटर तिरका करून तानपुऱ्यांपासून वळवला, खालचे सूर थोडे काढून टाकले आणि दोन्ही तानपुरे शेवटपर्यंत ऐकू येत राहिले. तबला दमट हवेने उतरत होता, दुपारी कडक उन्हात चढलेला आणि आता पावसात उतरलेला, तबलजी दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन ठोकत होते, तेवढ्यात दादा बरोबर तबल्याचा माईक खाली घ्यायचा म्हणजे ठोकठोक लोकांच्या कानावर जाणार नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. गायिकेने मैफल संपल्यावर त्याला स्टेजवर बोलावून नमस्कार केला आणि मला तेव्हा खरंच भरून आलं.

आता लाईट, आणि इथे मात्र नाराजी आहे. लाईटचं काम मामांनी पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिलं होतं, ते आम्हाला आदल्या दिवशी कळलं. तो पोरगा लग्नाच्या वराती आणि डीजेची कामं करणारा, सामान भरपूर, शार्प्या (गरगर फिरणारे झोताचे दिवे), एलईडी पारचे रंगीत दिवे, धुराचं मशीन, पण नाटकाला काय लागतं याचा पत्ता नाही. मी त्याला सांगितलं होतं की सातपर्यंत उजेड असतो त्यामुळे तोपर्यंत लाईट पेटवून काही उपयोग नाही, नंतर साधा पांढरा-पिवळसर उजेड चेहऱ्यावर पाहिजे, पुढून. त्याने सगळं मागून लावलेलं, म्हणजे पोरांचे चेहरे काळे आणि पाठीवर निळा-जांभळा प्रकाश. शाहिरांच्या वेळी शार्प्या गरगर फिरायला लागल्या आणि पुढच्या रांगेतले लोक डोळे मिटून बसले. सगळ्यात वाईट म्हणजे हॉलमध्ये गायन सुरू होताना त्याने धुराचं मशीन चालू केलं. बंद हॉल, गाणारीच्या घशात धूर, तिने आलाप थांबवला आणि हात वर केला. मी पळत जाऊन बंद करायला लावलं. त्या मुलावर राग नाही काढत मी, त्याला कुणी शिकवलंच नाही की गाण्याच्या मैफलीला काय नको असतं, पण ज्याने काम दिलं त्याने तेवढं बघून द्यायला पाहिजे होतं. लाईट वेगळ्या माणसाकडून, शक्यतो नाटकाची कामं करणाऱ्याकडून घ्या. सांगली-कोल्हापूरकडे राज्य नाट्य स्पर्धेला काम करणारी चांगली पोरं आहेत, त्यांना दोन पुढचे स्पॉट आणि डीमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) एवढ्यावर जे जमतं ते या शार्पीवाल्यांना ट्रकभर सामानात जमत नाही.

जनरेटर पण तसंच. आम्ही महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घेतलं होतं आणि जनरेटर फक्त लाईट गेली तर, पण वळीव म्हटलं की लाईट जाणारच. आवाज कमी करणारा पेटीबंद जनरेटर होता ही चांगली गोष्ट पण उभा केला ग्रीन रूमच्या मागे. दुपारी चालू करून बघितला तर सगळा डिझेलचा धूर कनातीच्या फटीतून आत, तिथे पाच-सहा वर्षांची पोरं मेकअपला बसलेली. हलवा म्हटलं तर केबल पुरत नाही. शेवटी ग्रीन रूमच हलवली, शाळेच्या एका वर्गात. शनिवारी लाईट गेली तेव्हा बदली करणारा माणूस जागेवर नव्हता, चहा प्यायला गेला होता, आणि चेंजओव्हर, म्हणजे लाईनवरून जनरेटरवर बदल, हाताने करायचा. अंधारात ओले लोक, लहान पोरं, नशीब साऊंडच्या दादाकडे मिक्सरसाठी स्वतःचा यूपीएस होता म्हणून मिक्सर बंद झाला नाही, नाहीतर डिजिटल मिक्सर परत चालू व्हायला वेळ लागतो आणि सगळं सेटिंग परत बघावं लागतं. एक मात्र मान्य करायला पाहिजे, वायरिंगचं काम चोख होतं. बोर्ड सगळे जमिनीपासून वर स्टुलावर, वर पत्रा, विजेची गळती झाली की आपोआप पडणारा ब्रेकर लावलेला आणि केबल लोकांच्या पायात कुठेही नव्हत्या. एवढं पाणी साचलं मैदानावर पण कुणाला झटका बसला नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. पोलीस, महापालिका, अग्निशमन या सगळ्यांकडे आम्हीच गेलो, पण मांडवाच्या मजबुतीचा दाखला मामांनी स्वतःहून आणून दिला. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद, आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, दादा दर थोड्या वेळाने शेजारच्या बिल्डिंगच्या गेटपाशी जाऊन आवाज ऐकून यायचा. बालनाट्याची संहिता नाटकं तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडून आधीच पास करून घ्यावी लागते, त्याचा ठेकेदाराशी संबंध नाही पण नवीन मंडळं विसरतात म्हणून लिहून ठेवतेय.

बिलाबद्दल दोन तक्रारी. कोटेशनमध्ये डिझेल धरलेलं नव्हतं आणि बिगाऱ्यांची रात्रीची हजेरीपण नव्हती, दोन्ही शेवटी वाढली. रात्रीच्या हजेरीबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती माणसं पावसात उभी होती आणि त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत, फक्त ते आधी लिहून द्यावं म्हणजे समितीत खजिनदारासमोर मान खाली घालायला लागत नाही. जीएसटी १८ टक्के वेगळा, तो रेट सांगताना कुणीच धरत नाही, तुम्ही धरा. बयाणा अर्धा दिला होता, उरलेले पैसे आठवड्यात दिले. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांनी ठेकेदाराला महिनोन्‌महिने फिरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पुढच्या वर्षी तोच माणूस पाहिजे असेल तर नक्कीच नाही.

रविवारी सकाळपासून पाऊस. मांडवात चिखल, सतरंज्या ओल्या, चित्रांची कार्यशाळा वर्गांमध्ये घेतली आणि पोरांनी सगळ्यांनी पाऊसच काढला. संध्याकाळची लोककला परत हॉलमध्ये. बिगारी सकाळी सहाला आले होते आणि आम्ही समितीवाले पोचायच्या आधी त्यांनी मैदानातलं पाणी चर खणून काढून दिलं होतं, ते त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांना चहा-पोहे दिले तेव्हा त्यातला एक जण मला म्हणाला, काल आत गाणं चालू होतं ते दारातून ऐकलं, लय भारी गात होत्या बाई. आमच्या प्रेक्षकांच्या मोजणीत ही माणसं कधीच धरली जात नाहीत. रविवारी आम्ही त्यांच्यासाठी पुढे एक सतरंजी राखून ठेवली आणि पाळीपाळीने ते येऊन बसले.

तुम्ही कुणाकडून घेणार असाल तर एवढं नक्की विचारा, लाईट आणि जनरेटर तुमचाच की दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याचा असेल तर त्याला आधी भेटवा. वारं आलं तर कनात कोण सोडणार, त्या माणसाला समोर बोलवा. जनरेटर कुठे उभा राहणार ते खडूने जमिनीवर आखून घ्या. साऊंडवाल्याला तुमच्या कलाकारांचे नंबर द्या आणि तो फोन करतो का ते बघा, नाही केला तर दुसरा शोधा.

पुढच्या वर्षीची तारीख आम्ही एप्रिलच्या शेवटाकडे सरकवलीय. मामांना आणि दादाला फोन झाला, त्यांनी तारीख वहीत लिहून घेतली. मामांची एकच अट आहे, स्टेज परत दक्षिणेच्या भिंतीलाच, आणि दोन दिवस हॉल आमच्या नावावर रिकामा राखलेला असल्याचं शाळेचं पत्र बयाण्याबरोबर द्यायचं. पत्र मिळालंय, लाईटवाल्याचा शोध अजून चालू आहे, सांगली-मिरजेत नाटकाची कामं करणारं कुणी ओळखीचं असेल तर खाली सांगा.